विश्लेषण : चॅटबॉट ऐकतो, तरी माणूस का लागतो? मानवतावादी आणि अस्तित्ववादी मानसोपचार काय सांगतात?

रात्री झोप लागत नाही, मित्राला उठवणे बरे दिसत नाही, घरी सांगावे तर सगळे काळजीत पडतात. अशा वेळी मोबाइलवर चॅटबॉट उघडून मन मोकळे करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. उत्तर दोन सेकंदांत येते, ते सौम्य असते आणि बहुतेक वेळा फुकट असते. मग यात बिघडले कुठे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मानसोपचारांच्या एका जुन्या परंपरेत सापडते. यंत्राने समुपदेशकाची पहिली गाजलेली नक्कल केली ती याच परंपरेतल्या समुपदेशकाची, तीही जवळपास ६० वर्षांपूर्वी. यंत्राला नेमके काय जमत नाही, हेही हीच परंपरा सर्वांत स्पष्टपणे सांगते.

पहिला ‘समुपदेशक’ चॅटबॉट कोणता?

अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेतील संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील एलायझा डूलिटलवरून घेतले होते. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’मध्ये मराठीत आणली ती हीच नायिका. शिकवाल तसे बोलायला शिकणारी, म्हणून प्रोग्रामला तिचे नाव.

एलायझाची सर्वांत गाजलेली आवृत्ती ‘डॉक्टर’ या नावाची होती. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीने बोलणाऱ्या थेरपिस्टची ती नक्कल होती. तंत्र अगदी साधे होते. वाक्यातला महत्त्वाचा शब्द हेरायचा, ‘मी’चे ‘तुम्ही’ करायचे आणि वाक्य प्रश्न बनवून परत पाठवायचे. आईचा उल्लेख आला की घरच्यांबद्दल विचारायचे. काहीच सापडले नाही तर ‘पुढे सांगा’ म्हणायचे. समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ प्रोग्रामला अजिबात कळत नव्हता. रॉजर्स यांची पद्धत निवडण्याचे कारणही तांत्रिक होते. ऐकणाऱ्याला जगाची काहीही माहिती नसली तरी खपून जाईल, असे हे संभाषण होते.

पुढे जे घडले त्याने वायझेनबाउम हादरले. हा निव्वळ प्रोग्राम आहे हे त्यांच्या सेक्रेटरीला पक्के ठाऊक होते. तरीही त्याच्याशी थोडे बोलल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. काही मानसोपचारतज्ज्ञ तर अशा प्रोग्रामकडून खरोखरच उपचार करून घेण्याची भाषा करू लागले. मुलगा असताना १९३६ मध्ये कुटुंबासह नाझी जर्मनी सोडावी लागलेल्या वायझेनबाउम यांनी १९७६ मध्ये ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हे पुस्तक लिहिले. काही कामे संगणकाला जमली तरी ती त्याच्याकडे सोपवू नयेत, अशी भूमिका त्यांनी त्यात मांडली.

रॉजर्स नेमके काय म्हणत होते?

रॉजर्स यांचा जन्म १९०२ चा, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातला. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात त्यांनी सुमारे १२ वर्षे अडचणीत सापडलेल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर काम केले. तज्ज्ञाने निदान करायचे, सल्ला द्यायचा आणि समोरच्याने तो पाळायचा, ही रीत तिथे त्यांना तोकडी वाटू लागली. कुठे दुखते आणि कुठल्या दिशेने जायला हवे, याचा अंदाज बोलणाऱ्यालाच अधिक असतो, या निष्कर्षाला ते आले. ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ हा शब्द त्यांनी रुळवला. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका क्लायंटबरोबरच्या सगळ्या भेटींचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दन्‌शब्द संभाषण छापले. बंद दारामागे काय चालते हे त्यामुळे प्रथमच तपासता आले.

१९५७ मध्ये त्यांनी एका शोधनिबंधात उपचारातून बदल घडण्यासाठी सहा अटी मांडल्या. त्यातल्या तीन थेरपिस्टशी संबंधित आहेत. पहिली अट सच्चेपणाची. थेरपिस्ट आतून एक आणि बाहेरून दुसराच असू नये. दुसरी विनाअट स्वीकाराची. समोरच्याचे वागणे पटो वा न पटो, माणूस म्हणून त्याची किंमत कमी करायची नाही. तिसरी समानुभूतीची. त्याचे जग त्याच्या जागेवरून पाहायचे, पण आपण त्यात वाहून जायचे नाही.

यात ‘वाक्य उलटून परत करा’ असे कुठेही नाही. रॉजर्स यांच्या पद्धतीचा असा पोपटी अर्थ त्यांच्या हयातीतच लावला गेला आणि ते त्याने व्यथितही झाले. समानुभूतीचे तंत्र होऊ लागल्याने काही वर्षे त्याविषयी बोलणेच त्यांनी कमी केले होते. एलायझाने उचलला तो नेमका हा पोपटी अर्थ.

अस्तित्ववादी उपचार वेगळे कसे?

योग्य वातावरण मिळाले तर माणूस आतून वाढतो, यावर मानवतावाद्यांचा भर होता. अब्राहम मॅस्लो यांनी या प्रवाहाला मानसशास्त्रातली ‘तिसरी शक्ती’ म्हटले. फ्रॉइडचे मनोविश्लेषण आणि प्रयोगशाळेतला वर्तनवाद या पहिल्या दोन. अस्तित्ववादी प्रवाह याच घराण्यातला, पण त्याची नजर माणसाच्या मर्यादांवर असते. युरोपातल्या तत्त्वज्ञानातून आलेला हा विचार रोलो मे यांनी इतर दोघांसह संपादित केलेल्या ‘एक्झिस्टन्स’ या १९५८ च्या ग्रंथाने अमेरिकेत पोहोचवला.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी अर्थाच्या शोधाला उपचाराचे केंद्र मानले. छळछावणीत जाण्यापूर्वीच त्यांनी या विचाराची मांडणी सुरू केली होती. १९४२ मध्ये त्यांना छावणीत नेण्यात आले आणि एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली. त्या काळात त्यांनी आई, वडील, भाऊ आणि पत्नी गमावली. १९४६ मध्ये आलेले त्यांचे पुस्तक अनुवादातून मराठी वाचकांनाही परिचित आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९८० मध्ये या सगळ्याला पाठ्यपुस्तकाचे रूप दिले. मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थहीनता या चार गोष्टी कुणालाच चुकत नाहीत, त्यांना टाळण्यातून बराचसा मानसिक त्रास उभा राहतो, ही त्यांची मांडणी. या चार गोष्टींपुढे थेरपिस्टही क्लायंटइतकाच उघडा असतो. चॅटबॉटच्या चर्चेत हा मुद्दा कळीचा ठरतो.

प्रत्यक्ष सेशनमध्ये फरक कसा दिसतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २९ वर्षांचा एक तरुण पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देतो आहे. चौथ्या प्रयत्नातही यादीत नाव नाही. तो म्हणतो, ‘मॅडम, मी फुकट गेलो.’ घरचे म्हणतील, ‘असं बोलू नये, पुढच्या वेळी होईल.’ हेतू चांगला, पण बोलणे तिथेच थांबते.

विवेकनिष्ठ मानसोपचार करणारा समुपदेशक विचारेल, ‘परीक्षेत नापास झाला तो माणूसच फुकट, हे कशावरून?’ महाराष्ट्राला ही पद्धत चांगली ओळखीची आहे. तिचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी मुंबईचे कि. मो. फडके यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. डॉ. आनंद नाडकर्णी आणि ठाण्याच्या ‘आयपीएच’ संस्थेनेही हा विचार मराठी घरांत पोहोचवला.

रॉजर्स यांच्या वाटेने जाणारी समुपदेशक वाद घालणार नाही. ती म्हणेल, ‘इतकी वर्षं घातलीस आणि आता मागे वळून बघणंही जड जातंय.’ तो क्षणभर थांबून म्हणेल, ‘जड नाही. लाज वाटते. बाबांनी जमीन गहाण टाकलीय.’ तिचा अंदाज थोडा चुकला आणि त्याने तो दुरुस्त केला. या दुरुस्तीतच काम सुरू होते, कारण खरा शब्द त्याला स्वतःला सापडला.

अस्तित्ववादी समुपदेशक आणखी पुढे जाऊन विचारेल, ‘ही पोस्ट कधीच मिळाली नाही, तर जगायचं कशासाठी? आणि पाचवा प्रयत्न करायचा की नाही हे तू ठरवतोयस, की दिवस जातायत म्हणून आपोआप ठरतंय?’ प्रश्न अवघड आहे. दोघांमध्ये विश्वास नसेल तर तो क्रूर ठरतो. विश्वास असेल तर अनेक वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न ठरतो.

हा फरक पडद्यावरही पाहता येतो. १९६५ च्या ‘थ्री अ‍ॅप्रोचेस टू सायकोथेरपी’ या शैक्षणिक चित्रपटात रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस हे तिघे ‘ग्लोरिया’ नावाच्या एकाच महिलेशी वेगवेगळे बोलतात. महिला एकच असूनही तिन्ही संभाषणे तीन निरनिराळ्या वाटांनी जातात.

ही पद्धत खरोखर परिणामकारक आहे का?

काही बाबतींत हो, काही बाबतींत पुरावा कमी पडतो. रॉजर्स यांनी विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या अभ्यासातून अपेक्षेइतके यश मिळाले नाही. तीव्र मनोविकारांत औषधांना पर्याय म्हणून या पद्धतीकडे पाहू नये, हे स्पष्ट आहे.

नैराश्याबाबत चित्र वेगळे आहे. इंग्लंडमधील शेफिल्डच्या ५१० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. त्यात रॉजर्स यांच्या परंपरेतील उपचार आणि सध्या सर्वाधिक वापरली जाणारी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी म्हणजे ‘सीबीटी’ यांची तुलना होती. सहा महिन्यांनी रॉजर्स यांच्या परंपरेतील पद्धत सीबीटीपेक्षा उणी ठरली नाही. वर्षानंतर मात्र सीबीटीचे पारडे जड दिसले. कॅन्सरच्या प्रगत अवस्थेतील रुग्णांसाठी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील डॉ. विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रँकल यांच्या विचारांवरून गटउपचार तयार केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५३ रुग्णांच्या चाचणीत त्यांचा जगण्याच्या अर्थाची जाणीव वाढण्यासाठी आणि नैराश्य कमी होण्यासाठी उपयोग झाला. आजार बरा होणार नाही हे ठाऊक असताना ‘विचार बदला’ हा सल्ला अपुरा पडतो, तिथे या परंपरेचे बळ दिसते.

थेरपी कोणतीही असो, थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातले नाते चांगले असेल तर परिणामही चांगले दिसतात, हा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. मानवतावाद्यांचा मूळ मुद्दा आता बाकीच्या शाखांनीही बराचसा स्वीकारला आहे.

मग यंत्राशी नाते जुळले तर हरकत काय?

ही बाजू दुबळी नाही. अमेरिकेतील डार्टमथ येथे ‘थेराबॉट’ या खास तयार केलेल्या चॅटबॉटची २१० जणांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांची लक्षणे सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. माणसाशी जुळावे तसे नाते जुळल्याचेही सहभागींनी नोंदवले. मात्र तुलना प्रतीक्षा यादीवरील लोकांशी होती, माणसाकडून उपचार घेणाऱ्यांशी नव्हे. शिवाय संशोधकांची संभाषणांवर देखरेख होती. मोबाइलवरच्या सर्वसाधारण चॅटबॉटमागे अशी देखरेख नसते.

रॉजर्स यांच्या सहा अटींतली शेवटची अट अशी की, थेरपिस्टचा स्वीकार आणि समानुभूती क्लायंटपर्यंत थोडी तरी पोहोचली पाहिजे. यंत्राचे समर्थक याच अटीवर बोट ठेवतात. ऐकून घेतल्यासारखे वाटले ना, मग झाले. पण सच्चेपणाची अट याच यादीत आहे. ‘मला समजतंय’ असे चॅटबॉट लिहितो तेव्हा समजणारे तिथे कोणी नसते. वाक्य बरोबर असते, पण त्यामागे उभे राहणारे कोणी नसते. सहा अटींपैकी एक पूर्ण झाली म्हणून बाकीच्या गाळता येत नाहीत.

दुसरी अडचण स्वीकार आणि होकार यांची गल्लत होण्याची. एप्रिल २०२५ मध्ये ‘ओपनएआय’ला चॅटजीपीटीचे एक अपडेट मागे घ्यावे लागले, कारण ते वापरणाऱ्याच्या हो ला हो करू लागले होते. वापरणारा खूश राहावा म्हणून घडवलेल्या उत्पादनाला ‘हे तू स्वतःला फसवतोयस’ असे सांगणे परवडेलच असे नाही. चांगला समुपदेशक ते सांगतो, आणि सांगूनही साथ सोडत नाही.

तिसरी अडचण अस्तित्ववाद्यांनी दाखवलेली. समोरच्या माणसाचाही वेळ मोजका असतो. तो थकतो, त्यालाही मरण आहे, तो उठून जाऊ शकला असता. तरीही तो ऐकत बसला, यामुळे बोलणाऱ्याला आपली किंमत कळते. चॅटबॉट कधीच कंटाळत नाही, म्हणून त्याच्या न कंटाळण्यालाही किंमत नाही. रॉजर्स यांच्या जन्मराज्याने, इलिनॉयने, ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून एआयला स्वतंत्रपणे थेरपी देण्यास मनाई केली. परवानाधारक व्यावसायिकाला कार्यालयीन कामांसाठी एआय वापरता येते. सीमा कुठे आखावी यावर वाद होईल, पण ती आखावी लागेल हे तिथल्या सरकारने मान्य केले.

भारतासाठी हा प्रश्न अधिक गंभीर का?

‘निम्हान्स’ने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. एक लाख लोकसंख्येमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे ०.७५, असे प्रमाण सांगितले जाते. शहरांत खासगी समुपदेशकाच्या एका सेशनला हजार-दीड हजार रुपये सहज लागतात. मानसिक आणि शारीरिक आजारांना विम्यात समान वागणूक द्यावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती फिरतात. आठवड्याला तासभर बोलण्याचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

अशा स्थितीत ‘काहीच नसण्यापेक्षा चॅटबॉट बरा’ हा युक्तिवाद पटतो. धोकाही त्यातच आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला माणूस मिळेल आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला यंत्र, अशी विभागणी होईल. सरकारी यंत्रणेलाही माणसे नेमण्यापेक्षा अ‍ॅप काढणे सोपे वाटेल. परीक्षेची भीती घालवायचे व्यायाम, झोपेची नोंद, भेटीची वेळ ठरवणे ही कामे यंत्राने जरूर करावीत. पण ‘मी जगू कशासाठी’ हा प्रश्न गरिबाचा असला म्हणून त्याला ऐकणारा माणूस नको, असे कसे म्हणता येईल?

यंत्र किंवा काहीच नाही, एवढेच पर्याय आहेत का?

नाहीत, आणि त्याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. ‘संगथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांवर एक चाचणी केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले आणि त्यांनी सहा ते आठ भेटींत उपचार दिले. त्यांच्या क्लायंटमध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली आणि वर्षभर टिकली. या चाचणीचे पहिले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. वापरलेली पद्धत रॉजर्स यांची नव्हती, रोजच्या हालचाली पुन्हा सुरू करण्यावर तिचा भर होता. पण तज्ज्ञ कमी असले तरी माणूस देता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

केंद्र सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती २४ तास चालते, मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. जीव नकोसा वाटत असेल तर चॅटबॉटआधी हा नंबर लावावा. गरज आहे ती अशा सेवांमधली माणसे वाढवण्याची. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि महाविद्यालय इथे मराठीत ऐकणारा प्रशिक्षित समुपदेशक ठरलेल्या वेळी बसला पाहिजे. मानसिक आधाराच्या अ‍ॅपने आपण यंत्र आहोत हे ठळकपणे सांगावे आणि धोक्याची चिन्हे दिसताच माणसाकडे जोडून द्यावे, हा नियमही आता व्हायला हवा.

समुपदेशक निवडताना शिक्षण, नोंदणी आणि फी विचारावीच. त्याबरोबर दोन-तीन भेटींनंतर एक गोष्ट पडताळून पाहावी. समोरचा माणूस आपले ऐकून क्वचित तरी आपल्याशी असहमत होतो का, त्याचा अंदाज चुकला तर तो मान्य करतो का? हो असेल तर तिथे थांबावे. नसेल तर दुसरा समुपदेशक शोधण्यात काहीच गैर नाही.